कलेक्शन तुमचं, पण नावं किती?

(फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



मघाशी हात वर करायला सांगितले तेव्हा कळलं की समोरच्यांपैकी निम्म्याहून जास्त जण शेवटच्या वर्षाला आहेत. म्हणजे तुमच्या डोक्यात सध्या एकच शब्द असणार, कलेक्शन. मागच्या खुर्च्यांवर काही अम्मी-अब्बाही बसलेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एमए-पीएचडीवाल्यांना प्रबंध लिहावा लागतो ना, तसा या मुलांचा हा प्रबंध, फक्त कागदाऐवजी कपड्यात. एक विषय घ्यायचा, त्याचा अभ्यास करायचा, शे-दीडशे स्केचेस काढायची, त्यातली पाच-सहा ठेवून बाकीची फेकून द्यायची. मग आधी मांजरपाटात नमुना शिवून बघायचा, तो अंगावर चढवून टाचण्या लावायच्या, चुकलं तर पुन्हा कापायचं आणि सगळं जमलं की खऱ्या कापडाला कात्री लावायची. शेवटी ज्युरी प्रश्न विचारते आणि रॅम्पवर चार-पाच मिनिटं मिळतात. त्या चार मिनिटांसाठी तुमच्या घरातलं शिलाई मशीन रात्री दोन वाजता का चालू असतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मी पॅटर्नमेकिंग शिकवते आणि ज्युरीतही बसते. आज सौंदर्यावर किंवा ट्रेंडवर बोलणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुमच्या कलेक्शनचा विषय येतो कुठून आणि त्यावर नाव कुणाचं लागतं, या दोनच गोष्टींवर बोलते.

ज्युरीच्या टेबलावर मूडबोर्ड येतात. आपल्या मुलामुलींचे बोर्ड बरेचदा दुरूनच ओळखू येतात. ताजमहाल, संगमरवरी जाळी, गुलाब हुंगणारा बादशाह, लखनौच्या नवाबाचा अंगरखा, कडेला उर्दू खुशखत. विषयाचं नाव काहीतरी ‘शान-ए-मुघल’ छापाचं. मी विचारते, बेटा, तू राहतेस कुठे? उत्तर येतं, मालेगाव. अब्बा काय करतात? माग चालवतात. अम्मी? घरी कांड्या भरायची. आणि बोर्डावर आग्रा! आग्र्याशी माझं भांडण नाही. पण जिच्या घरात ताणा कुठे तुटला ते आवाजावरून ओळखणारी माणसं आहेत, तिला कापडाबद्दल बोलण्यासाठी एखाद्या बादशाहाची शिफारस का लागावी?

याचं कारण आपल्याला शिकवलेल्या एका फरकात आहे. एका बाजूला ‘डिझाइन’ असतं, दुसऱ्या बाजूला ‘कारागिरी’. डिझाइन म्हणजे विचार आणि कारागिरी म्हणजे हात, असं आपण धरून चालतो. विचारावर नाव लागतं, हातावर मजुरी. आपल्या समाजातले लाखो लोक त्या दुसऱ्या बाजूला आहेत. विणकर, रंगारी, जरदोजीवाले, दर्जी, काज-बटणवाले. तुमच्यापैकी अनेक जण तिथून निघून पहिल्यांदाच या बाजूला येताय. येताना मागचं दार ओढून घेता की उघडं ठेवता, ते कलेक्शनमध्ये दिसतं.

एक उदाहरण देते, नीट ऐका. हुसेन चलायान. १९७० साली सायप्रस बेटावर निकोशियात जन्म, तुर्की-सायप्रियट मुसलमान घर, लहानपणीच इंग्लंडला आला. १९९३ साली लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्समधून पदवी घेताना त्याने जे कलेक्शन केलं त्याचं नाव होतं ‘द टँजंट फ्लोज’. त्याने शिवलेले कपडे लोखंडाच्या किसासोबत मित्राच्या बागेत पुरले, काही आठवडे तसेच ठेवले आणि शोच्या आधी उकरून काढले. कापडावर गंज चढला होता, माती लागली होती, रंग बदलले होते. सोबत एक मजकूर जोडला होता, हे का केलं त्याचा. लंडनच्या ब्राउन्स या नामांकित दुकानाने ते कपडे आपल्या खिडकीत लावले. एका विद्यार्थ्याचं काम! आजही फॅशनच्या वर्गात ते उदाहरण शिकवलं जातं, तुमच्याही वर्गात शिकवलं असेल.

आता कच्छमध्ये चला. तिथले खत्री लोक पिढ्यान् पिढ्या अजरख छापतात. अजरखमधली ती काळी रेघ कशाची असते, माहितीय? लोखंडाचं भंगार आणि गूळ पाण्यात घालून दिवसचे दिवस आंबवत ठेवतात. लोखंड गंजतं, पाणी काळपट होतं. ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने दाट करून लाकडी ठशाने कापडावर छापतात. कापड आधीच हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं असतं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की पक्का काळा रंग उठतो. पांढरं राखायचं तिथे चुना आणि डिंक, लाल हवं तिथे तुरटी, मग निळीच्या हौदात बुडवणं, पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं. एका कापडाला चौदा-पंधरा पायऱ्या.

म्हणजे लोखंडाचा गंज इथेही आहे आणि तिथेही. लंडनमध्ये त्याला ‘कन्सेप्ट’ म्हणतात आणि कच्छमध्ये ‘हस्तकला’.

चलायानला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही, मला त्याचं काम फार आवडतं. त्याने काय केलं ते बघा. त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला. कापडही मरतं का, त्यालाही माती मिळते का, असं काहीसं. मग प्रयोग केला, प्रयोगाची नोंद ठेवली, नोंद सगळ्यांसमोर ठेवली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. खत्रींच्या कारखान्यातही प्रश्न, प्रयोग आणि नोंद या तिन्ही गोष्टी होत्या. फक्त नोंद बापाच्या डोक्यातून मुलाच्या डोक्यात जायची, कागदावर येत नव्हती, आणि नाव व्यापाऱ्याचं लागायचं.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावातलं पाणी बदललं. पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं आणि रंग बिघडायला लागले. जे लोखंड ते मापून वापरत होते तेच आता न मागता पाण्यातून यायला लागलं. तेव्हा बरीच खत्री कुटुंबं भुजजवळ नव्या जागी गेली आणि त्या गावाला त्यांनी नाव दिलं अजरखपूर. रंगाऱ्यांनी पाण्याची परीक्षा करून गाव वसवलं आणि आपल्या कलेचं नाव त्याला दिलं. याला तुम्ही डिझाइनचा विचार म्हणणार नाही तर काय म्हणणार? त्याच घराण्यातले इस्माईल मोहम्मद खत्री, त्यांना इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. ज्ञान आधीपासून होतंच, विद्यापीठाने त्यावर शिक्का उशिरा मारला इतकंच.

याच कच्छमध्ये एक शाळा आहे, तिची माहिती तुम्हाला हवीच. २००५ साली ज्युडी फ्रेटर यांनी तिथे कला रक्षा विद्यालय सुरू केलं आणि पुढे २०१४ पासून आदिपूरला सोमैया कला विद्या सुरू झाली, त्यामागे आपल्या मुंबईचाच सोमैया ट्रस्ट आहे. या शाळेत तुमच्यासारखे विद्यार्थी जात नाहीत. तिथे कारागीरच विद्यार्थी असतात. अजरख छापणारे, बांधणी बांधणारे, विणकर, भरतकाम करणाऱ्या बाया. वर्षभरात साधारण दोन-दोन आठवड्यांचे सहा वर्ग. मधल्या काळात घरी जाऊन आपला धंदा बघायचा आणि गृहपाठही करायचा. पुरुषांचे वर्ग वेगळे, बायकांचे वेगळे. रंगापासून सुरुवात होते, मग डिझाइनची मूलतत्त्वं, बाजार कसा चालतो ते, संकल्पना, आणि शेवटी काय? कलेक्शन! तुमच्यासारखीच ज्युरी, तुमच्यासारखाच रॅम्प. चाळीस वर्षांचा रंगारी ज्युरीसमोर उभा राहून सांगतो की मी हा विषय का घेतला, हा रंग का टाळला.

फरक एवढाच की त्याला हात कसा चालवायचा हे शिकावं लागत नाही. त्याला शिकायचं असतं ते ‘नाही’ म्हणायला. व्यापारी सांगेल तेच छापायचं नाही, येणारी सगळीच ठशांची चित्रं एका ओढणीवर कोंबायची नाहीत, काय सोडायचं ते आपण ठरवायचं. तुमचं नेमकं उलटं आहे. तुम्हाला चार वर्षं ‘का’ शिकवलं आणि ‘कसं’ थोडक्यात उरकलं. म्हणून ज्युरीत मला असे विद्यार्थी भेटतात ज्यांना संकल्पनेवर अर्धा तास बोलता येतं, पण बाहीची गोलाई मुंढ्यात का बसत नाही ते सांगता येत नाही. अलेक्झांडर मॅक्वीन टॅक्सी ड्रायव्हरचा मुलगा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीत उमेदवारी करायला गेला. कोट कापायला तिथे शिकला आणि मग सेंट मार्टिन्सला आला. १९९२ चं त्याचं पदवीचं कलेक्शन इझाबेला ब्लो या बाईंनी अख्खं विकत घेतलं, पाच हजार पौंडांना, आठवड्याला शंभर पौंडांच्या हप्त्याने. तुमच्यापैकी कुणाचे अब्बा दर्जी असतील आणि वर्गात ते सांगताना तुमचा आवाज खाली जात असेल, तर हे लक्षात असू द्या.

आता विषय शोधण्याबद्दल. पुष्कळ जणांचा पुढचा विचार असतो तो ‘मॉडेस्ट फॅशन’चा. चांगला विषय आहे. पण बहुतेक वेळा त्यात होतं काय, की नेहमीचाच गाऊन घेतात, त्याला लांब बाह्या लावतात, डोक्याला स्कार्फ गुंडाळतात आणि त्यावर भरपूर चमकी. हे डिझाइन नव्हे, ही भर झाली.

मशरूचं बघा. मशरू हे कापड गुजरातेत पाटण आणि मांडवीला विणलं जातं. पुरुषाने शुद्ध रेशीम अंगाला लावायचं नाही, असा आपल्याकडे मसला. मग ज्याला रेशमाची चमक हवी आणि मसलाही मोडायचा नाही, त्याने करायचं काय? विणकराने उत्तर काढलं. ताण्याला रेशीम, बाण्याला सूत आणि वीण सॅटिनची, म्हणजे वरच्या बाजूला रेशीम तरंगतं आणि आतल्या बाजूला सूत राहतं. लोकांना दिसतं रेशीम, अंगाला लागतं सूत. मशरू या शब्दाचाच अर्थ शरीयतने मुभा दिलेलं. पुढे ते कापड इतकं छान निघालं की ज्यांना असली कुठलीच अडचण नव्हती तेही वापरायला लागले. आता ताण्याला रेशमाच्या जागी बरेचदा रेयॉन असतं, तो भाग वेगळा.

विणकराने बंधनाचं रडगाणं गायलं नाही आणि बंधनाची जाहिरातही केली नाही. त्याने ते गणितासारखं सोडवलं. मला तुमच्याकडून ‘मॉडेस्ट’ कलेक्शन याच जातीचं हवंय. वुजू करताना बाही कोपरापर्यंत वर सारता येते का? आली तर खाली घसरते का? मे महिन्यात काळा पॉलिस्टरचा निदा घालून कुर्ल्याच्या पुलावर उभ्या असलेल्या बाईला घाम कुठे येतो? स्कूटरच्या चाकात घेर जाऊ नये म्हणून काय करता येईल? बाळाला दूध पाजणाऱ्या आईचं काय? आणि खिसा! बुरख्याला चांगला खोल खिसा द्या, एवढं केलंत तरी आपल्या हजारो बहिणी दुवा देतील. यातल्या एका प्रश्नाचं जरी खरं उत्तर पाच पोशाखांत मिळालं, तरी ज्युरी खुर्ची पुढे ओढून बसेल.

यात एक गोष्ट उघड बोलायला हवी. जिला हिजाब घालायचाय तिने घालावा, जिला नाही घालायचा तिने घालू नये, आणि दोघींनाही त्याबद्दल कॉलेजात किंवा मोहल्ल्यात सफाई द्यावी लागू नये, ही आपल्या चळवळीची भूमिका तुम्हाला ठाऊक आहे. डिझायनर म्हणून तुमची जबाबदारी याच्या थोडी पुढची आहे. तुम्ही जिच्यासाठी कपडा करताय तिला विचारा. झाकायचं किती, दाखवायचं किती, हा निर्णय तुमचा नाही, मौलानाचाही नाही, तिचा आहे. निदान दहा बायकांशी बोलल्याशिवाय स्केच काढू नका.

दुसरा विषय तुमच्या घरातल्या कपाटात आहे, लोखंडी पेटीत असेल. जुने फोटो काढा. आपल्याकडे गावाकडच्या अनेक नान्या-दाद्या लुगडं नेसायच्या. त्यांच्या सुना साडीवर बुरखा घालायला लागल्या. मग आखाती देशांत गेलेल्या मामू-चाचूंच्या बॅगेतून काळे अबाये आले. आज नात अबायाखाली जीन्स घालून ट्रेन पकडते, किंवा ओढणी बॅगेत ठेवते आणि गल्लीच्या तोंडाशी बाहेर काढते. एका घरात तीन पिढ्यांत केवढा हा प्रवास! प्रत्येक टप्प्यामागे कारणं आहेत, शहर आहे, नोकरी आहे, भीती आहे, हौसही आहे. हे सगळं मराठी मुसलमानांचं आहे, आणि यावर नीट काम झालेलं मी तरी कुठल्या ज्युरीत पाहिलेलं नाही. दादीला विचारा, लुगडं नेसताना काष्टा घालायचीस का, पदर डोक्यावरून कसा घ्यायचीस, शेतात कामाला जाताना काय करायचीस. ती नेसून दाखवेल. मोबाइलवर टिपून घ्या, कारण ही माहिती पुस्तकांत फारशी सापडायची नाही.

औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं हिमरूही तसंच. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकरही सोबत आले, असं तिथे सांगतात. सुताच्या ताण्यावर रेशमाची नक्षी, महागड्या किनखापासारखं दिसणारं पण खिशाला परवडणारं कापड. आज हातमाग अगदी मोजके उरलेत. मध्य प्रदेशातल्या महेश्वरला जा, अहिल्याबाई होळकरांच्या काळात भरभराटीला आलेली साडी आज तिथे कितीतरी अन्सारी घरांतून विणली जाते. मराठी राणी, मुसलमान विणकर आणि काठावर किल्ल्याची नक्षी. हा आपला सामायिक वारसा, त्यासाठी भाषणं द्यायला नकोत, साडी उलगडून दाखवली तरी पुरे.

आणि मालेगाव-भिवंडी. १८५७ नंतर उत्तरेतून आलेली मोमीन घराणी, मालेगावच्या रंगीत साड्या, भिवंडीचं ग्रे कापड. विद्यार्थी म्हणतात, मॅडम, पॉवरलूममध्ये काय सौंदर्य? ते तर स्वस्तातलं. अरे, पण भारतातल्या कितीतरी गरीब बायकांच्या अंगावर तेच कापड आहे. स्वस्त साडी मऊ कशी करता येईल, दहा धुण्यांनंतर तिचा रंग कसा टिकेल, मागावर उरलेल्या चिंध्यांचं काय करता येईल, हे प्रश्न हातमागाइतकेच मोठे आहेत. अम्मी घरबसल्या कांड्या भरते, तिच्या बोटांना पडलेले घट्टे कुठल्याही मूडबोर्डावर दिसत नाहीत.

दुःखाच्या विषयाबद्दलही एक सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी विचारतं. चलायानचं २००० सालचं ‘आफ्टर वर्ड्स’ नावाचं कलेक्शन बघा. रंगमंचावर एक बैठकीची खोली मांडली होती. मॉडेल्स आल्या, खुर्च्यांची कव्हरं काढून अंगात घातली, खुर्च्या घडी करून त्यांच्या सुटकेस केल्या, आणि मधलं लाकडी टेबल उचलून त्याचा घागरा केला. खोली रिकामी झाली. त्यामागे युद्धात घर सोडावं लागलेल्यांचा विचार होता, १९७४ साली सायप्रस दुभंगला त्याची आठवण होती. आपल्याकडेही रातोरात घर सोडलेली माणसं आहेत. १९८४ ची भिवंडी, १९९२-९३ ची मुंबई. कुणाच्या घरात ती गोष्ट असेल तर विषय तुमचा आहे, घ्या. पण त्या कलेक्शनमध्ये रक्ताचा एक थेंब नव्हता, रडणारा चेहरा नव्हता. घाईत घर सोडताना माणूस काय उचलतो, एवढंच होतं. आधी घरच्यांची परवानगी घ्या. आणि ती गोष्ट टाळ्यांसाठी वापरली जातेय असं वाटलं तर सोडून द्या, दुसरा विषय मिळेल.

आता नावांकडे येते. मुंबईतले विद्यार्थी भरतकाम कुठून करून घेतात? धारावी, कुर्ला, गोवंडी. दहा बाय पंधराच्या खोलीत अड्डा लावलेला असतो, चारी बाजूंनी कारागीर, बिहारचे, यूपीचे, बंगालचे, बहुतेक आपलेच लोक. मजुरी नफरीवर ठरते, एक नफरी म्हणजे साधारण आठ तासांची पाळी. तुम्ही ट्रेसिंग घेऊन जाता. तिथला एक जण त्याला सुईने बारीक भोकं पाडून खाका तयार करतो, तो कापडावर ठेवून निळीचं पाणी फिरवतो आणि तुमचं चित्र कापडावर उतरतं. मग तो म्हणतो, मॅडम, हा वळसा दबक्यात नाही बसणार, इथे नक्शी लावू. तुम्ही म्हणता, चालेल. आता सांगा, त्या क्षणी डिझाइन कुणी केलं?

३० मार्च २०२३ ला गेटवे ऑफ इंडियासमोर दिओरचा शो झाला, तुम्ही सगळ्यांनी रील्स पाहिल्या असतील. त्यातलं भरतकाम मुंबईच्याच चाणक्य इंटरनॅशनलचं, आणि दिओरने ते जाहीरपणे सांगितलं, ही चांगली गोष्ट. पॅरिसच्या कपड्यांवर मुंबईचे हात असतात हे आता लपून राहिलेलं नाही. पण कंपनीचं नाव कळणं आणि अड्ड्यावरच्या माणसाचं नाव कळणं यात अजून बरंच अंतर आहे. हे अंतर जगभरात कमी करणं तुमच्या हातात नाही. तुमच्या पोर्टफोलिओत करणं मात्र आहे.

म्हणून माझा आग्रह असा. पोर्टफोलिओत एक पान नावांचं ठेवा. शेवटचं नको, संकल्पनेच्या पानालगत. खाका कुणी केला, भरतकाम कुणी केलं, कुठल्या गावचे, किती नफऱ्या लागल्या, पॅटर्नमध्ये मदत कुठल्या मास्तरांची, काज-बटण कुणाचं. त्यांना विचारून लिहा, एखाद्याला नको असेल तर लिहू नका. त्यांनी सुचवलेला बदल असेल तर तसं नोंदवा. काही विद्यार्थ्यांना वाटतं की असं लिहिलं तर ज्युरी म्हणेल, मग तू काय केलंस? माझा अनुभव उलटा आहे. ज्याला सगळ्यांची कामं नेमकी सांगता येतात, त्याला स्वतःचं कामही नेमकं सांगता येतं. गोलमोल बोलतो तो ज्याने कारखान्यात ट्रेसिंग टाकलं आणि पंधरा दिवसांनी गाठोडं उचललं.

पैसे वेळेवर द्या. विद्यार्थी आहे म्हणून घासाघीस करू नका, समोरच्याच्याही घरात विद्यार्थी आहेत. आणि कॅलेंडर बघा! सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतोय आणि बकरी ईद मे-जूनच्या सुमारास, म्हणजे ऐन तुमच्या सबमिशनच्या दिवसांत. ईदच्या आठवडाभर आधीपासून कारागीर गावी निघतात आणि लवकर परतत नाहीत. दरवर्षी कुणीतरी अर्धवट भरलेला लेहंगा घेऊन रिकाम्या कारखान्याच्या दारात उभं असतं. निदान आपल्या मुलांनी तरी ईद कधी आहे हे मला विचारू नये. रोज्यात दुपारनंतर बारीक काम मागू नका, डोळे थकतात. शक्य असेल तर जड काम जानेवारीतच आटपा.

पालकांसाठी थोडं. मुलगी घरात शिलाई करते तोवर सगळे खूश असतात. मोहल्ल्याचे ब्लाउज ती शिवून देते, पैसे येतात, कुणाला हरकत नसते. तीच मुलगी डिझायनर व्हायचं म्हणते तेव्हा ‘लोग क्या कहेंगे’ सुरू होतं. काम तेच आहे, सुई तीच आहे. बदललं एवढंच की आता तिला नाव हवंय आणि निर्णय हवाय. रॅम्पवर चालतात त्या मॉडेल्स, ते त्यांचं काम. तुमची लेक पडद्यामागे टाचण्या तोंडात धरून उभी असते आणि शेवटी एकदाच बाहेर येऊन सलाम करते, तिला हवे ते कपडे घालून. खर्च मोठा आहे हे खरं. म्हणून मुलांना सांगते, भारी कापडावर उडवू नका. मंगलदास मार्केटमध्ये तुकडे मिळतात, मांजरपाटातही उत्तम कलेक्शन होतं. ज्युरी कापडाची किंमत विचारत नाही, शिलाई उलटी करून बघते. पुढे सगळ्यांनाच स्वतःचं लेबल काढता येणार नाही. पॅटर्न, सॅम्पलिंग, मर्चंडायझिंग, सिनेमाचे पोशाख, अशी पुष्कळ चांगली कामं आहेत. आणि ज्युरीच्या दिवशी पालकांना बोलवत असतील तर जरूर या. अब्बा दर्जी असतील तर पुढच्या रांगेत बसा, शिवणीतली खोट तुम्हालाच आधी दिसेल.

मी बराच वेळ घेतला. कुणी स्वॅच किंवा मांजरपाटाचे नमुने आणले असतील तर बाहेर काढा, इथल्या टेबलावर पसरा. ज्यांच्या घरी माग आहे ते आधी या.